ढालीवरचा हात

मित्रांनो, काचेला नाक लावून माझ्याकडे बघताच आहात, तर थोडे थांबा आणि ऐका. मी ढाल आहे, जुनी आहे, आणि लढाईवर मी कधीच गेले नाही. तुमच्यातला एक जण आत्ता म्हणाला, "हा पत्रा इथे कशाला ठेवलाय?" पत्रा! दाराएवढी उंच, चार बोटे जाड, निखळ तांब्याची मी, आणि मला पत्रा म्हणतो. असू दे. माझा तोंडवळा आता पत्र्यासारखाच झाला आहे, हे मलाही कळते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तांबे वितळवले, ओतले, ठोकले, घासले. मग एका म्हाताऱ्या कारागिराने माझ्या पोटात आरपार लांबच लांब भोके पाडली, आत पाणी खेळते राहावे म्हणून. काम करताना तो माझ्याशी बोलत असे. शेवटचे भोक पाडून झाल्यावर त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "पाणी आतच ठेवायचं हं बाई. बाहेर एक थेंब नाही." तेव्हा मला वाटले, एवढेच ना? त्यात काय अवघड आहे?

तिथून मला इथे आणले. या भिंतीच्या पलीकडे मोठे दालन आहे आणि त्यात एक यंत्र आहे, पोकळ कड्यासारखे. त्या कड्यात प्लाझ्मा असतो. प्लाझ्मा म्हणजे सूर्याच्या पोटात असतो तसा तापलेला वायू. तो भांड्याला शिवला तर स्वतः विझतो आणि भांडेही खराब करतो, म्हणून त्याला चुंबकांच्या जोरावर अधांतरी धरून ठेवतात. पण त्याला एवढे तापवायचे कसे? त्याच्याखाली चूल तर पेटवता येत नाही. मग बाहेरून हायड्रोजनच्या कणांचा झोत त्याच्यात सोडतात. कण सुसाट आत शिरतात, आतल्यांना धक्के देतात, आणि त्या धक्काबुक्कीत प्लाझ्मा तापत जातो.

यात एक मेख आहे. कणाला वेग द्यायचा तर त्याच्यावर विजेचा भार हवा, आणि भार असलेल्या कणाला कड्याचे चुंबक दारातूनच हाकलून देतात. म्हणून आधी कणाला भार देऊन पळवतात आणि मग विरळ वायू भरलेल्या एका बोळातून नेतात. त्या बोळात पळता पळता त्याचा भार नाहीसा होतो. वेग मात्र तसाच राहतो. आता कोणताही चुंबक त्याला वळवू शकत नाही की थांबवू शकत नाही. तो सरळ जातो. माझ्या समोरून असे अगणित गेले, आणि गेलेला एकही कधी परत आला नाही.

माझे काम कोणते, तर मधे उभे राहायचे. रोज काम सुरू करताना झोत सरळ आहे की विस्कटला आहे, हे तपासावे लागते, कारण वाकडा झोत कड्यात गेला तर भिंतच जाळील. म्हणून पहिले झोत माझ्यावर सोडत. मी तिरकी उभी राहून सगळा मार अंगावर घेत असे. किती तापले ते पाठीतल्या तारा सांगत आणि पोटातले पाणी मला पुन्हा थंड करी. इथल्या प्रमुख साहेबांचे समाधान झाले की मला साखळीने वर उचलत, झडप उघडत, आणि झोत माझ्या पायाखालून कड्याकडे जाई. तालीम माझ्या जिवावर आणि टाळ्या त्याला! प्लाझ्माचे फोटो या इमारतीत जिन्याजिन्यावर आहेत. मी त्याला कधी पाहिलेसुद्धा नाही. बोळाच्या टोकाला फिकट गुलाबी उजेड थरथरलेला दिसे, तेवढाच.

मी राहत असे ती लोखंडी टाकी सीलबंद होती. आत हवा नाही, आणि हवा नाही म्हणून आवाजही नाही. वर्षातून एकदा टाकी उघडत, तेव्हा कुठे माणसाचा शब्द कानी पडे. मग तुम्ही विचाराल, बाहेर काय घडले ते तुला कसे कळले? सांगते. आता माझी ही काचेची पेटी नियंत्रण कक्षाच्या दारासमोर आहे. लोक चहाचे कप घेऊन इथे उभे राहतात आणि बोलतात. तांब्याच्या पत्र्यासमोर कोणी आवाज खाली करत नाही.

टाकी उघडली की आत येणारी बाई ठरलेली होती. तिला सगळे ताई म्हणत. पाठीमागे तिचे नाव हातमोजे ताई असे होते, आणि ते तिला माहीत होते. पांढरा अंगरखा, डोक्याला टोपी, हातात दुहेरी मोजे. टाकीत उघड्या हाताने कशालाही शिवायचे नाही, हा तिचा कायदा होता. माणसाच्या बोटाला तेलकटपणा असतो, तो धातूला लागतो, तापला की करपतो आणि सगळी स्वच्छता बिघडवतो. एकदा बाहेरून आलेले एक मोठे पाहुणे कुतूहलाने माझ्याकडे बोट नेऊ लागले, तर तिने त्यांना शाळेतल्या पोरासारखे दटावले. "हात खिशात! बघायचं ते डोळ्यांनी." पाहुण्यांनी खरेच हात खिशात घातले.

ताईचा नवरा नियंत्रण कक्षात झोत सोडायच्या बटणावर बसत असे. त्याला सगळे दादा म्हणत. ताई आणि दादा हे नवरा-बायको आहेत हे नव्या माणसाला चटकन पटत नसे, आणि त्यावरून बराच हशा होई. ती टाकी साफ करून बंद करी, तो बाहेरून झोत सोडी. तिने पुसलेली ढाल तो तापवी. असा त्यांचा संसार अर्धा घरी आणि अर्धा माझ्या अंगावर चालला होता.

एका वर्षी टाकी उघडली तेव्हा ताई नेहमीसारखी आत आली. शिडीवरून उतरताना ती मधल्याच पायरीवर थांबली, हे मी पाहिले. मदतनीस तिला दिवा द्यायचा विसरला होता, तो आणायला गेला. आत आम्ही दोघीच. तिने मला पुसायला सुरुवात केली, वरून खाली, सावकाश. अर्ध्यावर तिचा हात थांबला. श्वास जोरजोरात येऊ लागला. तिने उजव्या हाताचा मोजा ओढून काढला, आतला दुसराही काढला, कपाळावरचा घाम पुसला. आणि मग तोच उघडा तळहात तिने माझ्यावर टेकला.

मित्रांनो, इतकी वर्षे माझ्यावर फक्त झोत आदळला होता. इथे आल्यापासून माणसाचा उघडा हात तो पहिलाच. तो गार होता, ओला होता. तिने सगळा भार माझ्यावर टाकला, डोळे मिटले आणि पुटपुटली, "थांब जरा." ती कोणाला म्हणाली ते मला कळले नाही. मी थांबलेलीच होते.

बाहेरून मदतनिसाने हाक मारली, "ताई, दिवा आणलाय. झालं का तुमचं?"

तिने हात काढला. "झालं, झालं. आलेच," असे अगदी ठणठणीत आवाजात म्हणाली, मोजे चढवले आणि शिडी चढून गेली. हाताची जागा तिने पुसली नाही. कोणाच्या बोटाचा ठसा दिसला तर जगबुडी झाल्यासारखे करणारी ती बाई स्वतःचा हात पुसायला विसरली. तेव्हाच मला कळले की तिचे काही खरे नाही. पण मी कोणाला सांगणार? टाकीचे झाकण बसले, पंपांनी हवा ओढून घेतली, आणि पुन्हा सगळे मुके झाले.

त्यानंतरचे मला या दारासमोर समजले. ताई रजेवर गेली, रजेवरून दवाखान्यात गेली, आणि यंत्र पुन्हा सुरू व्हायच्या आत गेली. आजार बरेच दिवस अंगात होता, असे डॉक्टर म्हणाले. तिने कोणाला सांगितले नव्हते, नवऱ्यालाही नाही.

दादा कामावर परत आला. पहिल्या दिवशी त्याने बटण दाबले, माझ्यावर पहिला झोत आला, आणि मी तापले. टाकीच्या छोट्या खिडकीतून माझ्याकडे रोखलेला एक कॅमेरा आहे. तो उजेड पाहत नाही, उष्णता पाहतो. त्याच्या पडद्यावर नजर ठेवणाऱ्या बाईला सगळे कॅमेरावाली म्हणतात. तिने पडद्याकडे पाहिले आणि किंचाळली.

"आत कोणीतरी आहे! हात आहे, हात!"

दादाने झोत तोडला. सगळे उठून उभे राहिले. दालनात जाणाऱ्या प्रत्येकाने आपली किल्ली बरोबर न्यायची असते, आणि सगळ्या किल्ल्या फळीवर लटकल्याशिवाय बटण चालतच नाही. सगळ्या किल्ल्या जागेवर होत्या. साहेब धावत आले. "अहो, आत हवाच नाही, माणूस कुठून येणार? पुन्हा सोडा बघू." पुन्हा झोत सोडला. काळ्या पडद्यावर आधी काहीच नव्हते, मग पाच बोटे उजळली, मागून तळवा उजळला, क्षणभर पूर्ण हात तळपला आणि हळूहळू विझला. आतून कोणीतरी काचेवर हात ठेवावा आणि काढून घ्यावा, अगदी तसा.

साहेबांना उलगडा व्हायला वेळ लागला नाही. चकचकीत भांडे आपली उष्णता धरून ठेवते, काजळी धरलेले भांडे ती भराभर बाहेर टाकते. माझ्यावरचा तेलकट ठसा पहिल्याच झोताने करपून काळा झाला होता, म्हणून उष्णता पाहणाऱ्या कॅमेऱ्याला तेवढाच भाग उजळ दिसत होता. "कोणीतरी मोजा न घालता हात लावलाय," साहेब चिडून म्हणाले. "ताई असती ना, तर त्याला सोलून काढलं असतं." आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आले. कक्षात कोणी कोणाकडे पाहिले नाही.

दादा पडद्याकडे पाहत होता. त्या हाताची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी होती.

साहेबांनी ठरवले की पुढच्या वेळी टाकी उघडेल तेव्हा ठसा घासून काढायचा, आणि तोवर पडद्याच्या त्या भागाकडे दुर्लक्ष करायचे. बाकीच्यांनी तसे केले. काही जण गमतीने म्हणत, "टाकीत मुक्कामाला आलंय कोणी." पण गंमत करणाराही कक्षात एकटा बसायला राजी नसे. दादा मात्र लवकर येऊ लागला. झोत नीट बसायला हवा, अजून थोडा तपासून घेतो, असे तो म्हणे, आणि त्याच्यावर कोण संशय घेणार? तो एकामागून एक झोत माझ्यावर सोडी. हात उजळे, विझे. उजळे, विझे. कॅमेरावालीने त्याला पडद्याशी पुटपुटताना ऐकले. "का गं काढलास मोजा? मला काय सांगायचं होतं?"

त्याचा प्रश्न मला या दारासमोर आल्यावर कळला, पण उत्तर मला तेव्हाही माहीत होते. जगात फक्त मलाच माहीत होते. आणि माझ्याजवळ उत्तर द्यायचे साधन एकच होते, ते म्हणजे तोच हात पुन्हा दाखवणे. तो विचारी, मी हात दाखवी. त्याला वाटे, ती उत्तर देते आहे. याहून मोठी शिक्षा मी कधी भोगली नाही.

धातू थकतो, मित्रांनो. प्रत्येक झोताला मी फुगत होते आणि प्रत्येक थंडाव्याला आक्रसत होते. तालमीपुरते ते मी आयुष्यभर सोसले असते. पण हे वाजवीपेक्षा फार होते. काळवंडलेल्या तळव्याखाली मला आधी बारीक कळ जाणवली. मग तिथे केसाएवढी भेग पडली, आणि ती रोज थोडी खोल जाऊ लागली. तिच्यामागे माझ्या पोटातले पाणी होते. ते पाणी त्या पोकळीत फुटले असते तर टाकी, बोळ, कणांना पळवणाऱ्या जाळ्या, कडे, सगळ्यांची माती झाली असती. ज्यात कित्येकांची उमर गेली ते काम बुडाले असते, आणि ते बुडवणारा हात दादाचा असता. म्हाताऱ्या कारागिराचे शब्द मला आठवत. एक थेंब नाही. मी सगळी ताकद लावून मिटून राहत होते, आणि तो मला प्रेमाने फोडत होता.

एके दिवशी घरच्या माणसांना यंत्र दाखवायची सोय केली होती. दादा आपल्या सासूबाईंना घेऊन आला. बाकीचे चहाला गेले तेव्हा त्याने त्यांना पडद्यासमोर खुर्ची दिली. कॅमेरावाली तेवढी जागेवर होती. पुढचे सगळे तिच्याच तोंडून मी पुष्कळदा ऐकले आहे. प्रत्येक नव्या माणसाला ती हे इथे, माझ्यासमोर उभी राहून सांगते.

दादाने बटण दाबले. हात उजळला आणि विझला.

"आई, ओळखलंत?" त्याने विचारले.

"ओळखायचं काय त्यात? ते बोट माझ्याच हातून दारात चेमटलं होतं," सासूबाई म्हणाल्या. त्या पडद्याजवळ झुकल्या. मग म्हणाल्या, "हे दिसतं कशाने?"

"झोत लागला की ढाल तापते, आणि तेवढा भाग उजळतो. थांबा, पुन्हा दाखवतो."

पुन्हा हात उजळला. सासूबाईंनी पदराचे टोक मुठीत धरले. "म्हणजे दर वेळी भाजावं लागतं."

"आई, ती ढाल आहे. तांब्याची. तिला कुठं काय..."

"मला कळतं हो, ढाल आहे ते. मी काही खुळी नाही. पण जावईबापू, तुम्ही काय ढाल बघायला करता का हे?"

दादाने बटणाकडे पाहिले. मग हळूच म्हणाला, "तिनं माझ्यासाठी खूण ठेवलीय, आई. नाहीतर ती मोजा काढणं शक्य नाही. तिला काहीतरी सांगायचं होतं."

"सांगायचं होतं?" सासूबाईंना हसू आले आणि त्यातच रडू आले. "माझी पोर कधी काही सांगेल? अहो, तिला घेरी आली असेल. लहानपणापासून तेच. डोळ्यांपुढे अंधारी आली की भिंत धरायची. आणि आपण विचारायला गेलो की म्हणायची, झालं, झालं."

कॅमेरावाली म्हणते, दादाने बटणावरचा हात असा काढला, जणू त्यालाच चटका बसला असावा. मग तो टेबलावर डोके टेकून रडला. सासूबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. पडदा काळाच राहिला.

त्याच दिवशी तो साहेबांकडे गेला आणि आपण काय करत होतो ते सगळे सांगून टाकले. साहेब संतापले, पण लगेच टाकी उघडायला लावली. ते स्वतः आत उतरले. त्यांनी माझ्यावर तिरका दिवा धरला, आणि तळव्याच्या मधोमध गेलेली भेग त्यांना दिसली. पाणी तिच्यापासून नखभर दूर होते. साहेब शिडीच्या पायरीवर मटकन बसले. "थोडक्यात वाचलो," असे म्हणाले. मीही तेव्हाच सैल सोडले स्वतःला. एक थेंब बाहेर गेला नव्हता.

माझ्या जागी नवी ढाल आली. चांगली आहे म्हणतात. मला भंगारात द्यायचे ठरले होते, पण पुढे साहेबांनी विचार बदलला आणि मी या पेटीत आले. ठसा कोणी घासला नाही. या ओळीतल्या बाकीच्या पेट्यांमध्ये दिवे आहेत, बघा. माझ्या पेटीत नाही. दिव्याने उष्णता होते, म्हणून सासूबाईंनी नको म्हटले. "आता तिला गार राहू द्या," एवढेच त्या म्हणाल्या. त्यामुळे हात तुम्हाला दिसणार नाही. बाजूला उभे राहून पाहिलेत तर काळपट तपकिरी डाग दिसेल, आणि तो डाग म्हणजे पत्र्याचा गंज, असेच तुम्ही समजाल.

दादाला बटणावरून काढले. आता तो टाकीच्या तोंडाशी उभा राहतो. आत उतरणाऱ्याचे मोजे तपासतो, अंगरख्याचे बंद ओढून पाहतो, आणि त्याचे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन विचारतो, "बरं वाटतंय ना?" समोरचा घाईघाईने हो म्हणाला तर तो हात सोडत नाही. पुन्हा विचारतो. आता इथे सगळ्यांनाच त्याची सवय झाली आहे. त्याने विचारल्याशिवाय शिडीवर कोणी पाय ठेवत नाही.

मित्रांनो, तुम्ही जाल तेव्हा तुमच्या हातांचे ठसे या काचेवर राहतील. संध्याकाळी झाडणारी बाई ते पुसून टाकते. पुसायच्या आधी ते मी मोजत नाही, पण पाहते जरूर. प्रत्येक ठसा पाहताना मला वाटते, हा नुसता टेकला होता, की याला आधार हवा होता?

माझे एवढे ऐका. तुमच्या घरात आई, आजी, काका, कोणीही चालता चालता थांबले, भिंतीला हात लावून उभे राहिले, आणि तुम्ही विचारल्यावर "झालं, झालं" म्हणाले, तर पुढे जाऊ नका. तो हात भिंतीवरून काढून आपल्या हातात घ्या आणि दुसऱ्यांदा विचारा. तिने मला धरले होते, आणि मला तिला धरता आले नाही.